सोळा गावांचं गाणं

(तापीकाठच्या एका गावातलं अंगण. गुजर समाजावरच्या आपल्या व्हिडिओ-मालिकेसाठी मयूरीने कॅमेरा लावून ठेवला आहे. समोर खाटेवर अख्तरबानो, शहाद्याच्या, गावोगाव फिरून बांगड्या भरणाऱ्या. मयूरीचे वडील प्रेमचंद नुकतेच बाहेरून आले आहेत.)

मयूरी : म्हणजे त्यांना गाणं नकोय, की गाणारी?

प्रेमचंद : गाणारी. चौघं भेटले रस्त्यात. म्हणे, तुझ्या पोरीच्या मालिकेचे तीन भाग पाहिले, चांगले आहेत. पण आपल्या गुजरांच्या लग्नातलं गाणं मणियारीण सांगणार? आपल्या बाया कुठं गेल्या?

मयूरी : अकरा घरं फिरले मी. प्रमिलाकाकूंना पाच गावं आठवली, बाकीच्यांना तीही नाही. गाण्यात सोळा आहेत, पप्पा. आपली माणसं गुजरातेतून ज्या वाटेनं इथं आली, त्या वाटेवरची. कुठल्याच कागदावर ती सापडली नाहीत मला.

प्रेमचंद : मग पाचच घे.

मयूरी : आणि पाचव्या गावाला वाट संपली म्हणून सांगू?

अख्तरबानो : पोरी, मी जास. बापलेकमा भांडन नको.

मयूरी : बसा, आजी. तुम्हाला मी बोलावलंय. हा भाग झाला नाही तर पुढचेही मी करणार नाही.

प्रेमचंद : मावशी, मन्हा मनमा काही नही. पन माले या गावमा ऱ्हानं शे.

अख्तरबानो : मीबी याच गावमा येस, भाऊ. पन्नास वरीस व्हयनात.

मयूरी : गाणं कोणी शिकवलं, ते सांगा ना त्यांना.

अख्तरबानो : तुन्हीच मायनी, भाऊ. नवरीले चुडा भरताना बाया गायेत. मन्हं ध्यान हातवर, कान गानावर. मी चुकनी का तुन्ही माय हासे, परत म्हनाले लाये.

प्रेमचंद : माय तर शेवटना दोन वरीस बोलेबी नही. अर्धांगमा वाचाच गयी तिन्ही.

अख्तरबानो : बोलता ये नही. गाता ये.

प्रेमचंद : काय म्हनतीस?

अख्तरबानो : दर मंगळवारे मी तिन्हाजोडे बसू. पहिलं गाव मी म्हनू, दुसरं ती म्हने. असं पुरं सोळा.

प्रेमचंद : मंगळवारे ती नीट जेवे. माले वाटे, दवाई लागू पडनी. माले कोनीच कसं सांगं नही?

अख्तरबानो : तू केळीना वावरमा ऱ्हाये. अन् तिले लाज वाटे. तोंड वाकडं व्हयेल व्हतं ना. मी उनी का, दार लाव, असा हात करे.

मयूरी : मलाही हे आजच कळतंय, आजी.

प्रेमचंद : शेवटना मंगळवारे?

अख्तरबानो : नऊ गावं म्हनात आम्ही. मंग ती दमनी. बाकीना मी म्हनात, ती आयकी ऱ्हायनी व्हती.

मयूरी : पप्पा, बसा थोडं. पाणी देऊ?

प्रेमचंद : नको.

मयूरी : त्या चौघांकडे मी स्वतः जाते आज. जे बोलायचं ते मला बोलू देत. तुम्ही मध्ये पडू नका.

प्रेमचंद : तू नको जाऊ. मी जाईन.

मयूरी : काय सांगणार?

प्रेमचंद : सांगणार काही नाही. सहावं गाव कोणतं, ते विचारीन.

अख्तरबानो : त्या चौघंबी चिडतीन, भाऊ.

प्रेमचंद : चिडू देत. गाव सांगता उनं, तर मयूरीले त्यासनंच चित्र घेवाले लावसू.

मयूरी : आजी, सुरू करायचं? पहिल्यापासून, सावकाश म्हणा.

अख्तरबानो : एकलीनं कसं म्हनू? एक गाव एकनं, दुसरं दुसरानं, असंच शे ते. प्रेम, आठे ये. मी सांगसू तसं म्हन.

प्रेमचंद : माले चाल येत नही, मावशी.

अख्तरबानो : मालेबी कोठे येत व्हती? बस.

मयूरी : पप्पा, खाटेवर बसलात तर तुम्हीही दिसाल त्यात. सगळं गाव पाहणार आहे.

प्रेमचंद : दिसू दे.