न थांबता दोन मजले

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. दोघींचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"वन्सं, खरंच न थांबता जिना चढलात?"

"दोन मजले! वर कंपाउंडरला हाक मारली, तर दचकलाच. म्हणाला, तुमचा आवाज असा आहे होय!"

"सात वर्षं बिचाऱ्यानं तुमचा नुसता खोकलाच ऐकलाय."

"घर बदललं आणि चार महिन्यांत दम्याचा पंप कपाटात गेला. वहिनी, तिकडे खिडकी उघडली की हवा येते. नुसती हवा! सिमेंटची भुकटी नाही."

"इकडे ताट पुसून वाढेपर्यंत पुन्हा पांढरं होतं. ह्यांना वाटतं, मी वरून मीठ पेरलं."

"अगं, हसवू नकोस!"

"तुम्ही हसा. मी हसले की ढास लागते... बघा, लागलीच."

"पाणी पी. दादाला सांग ना, घर सोड म्हणून."

"सांगितलं. म्हणतात, कारखाना दारात आहे. तिकडून दोन बस बदलाव्या लागतील."

"मग बदलू दे की! माझ्या शेजारची खोली रिकामी झालीय. मालकिणीला काल सांगूनसुद्धा आले."

"काय सांगितलंत?"

"वहिनी रविवारी येतेय. दादा बस शोधत मागून येईल."

"अगं बाई! वन्सं!"

कंपाउंडर वही घेऊन आला. नणंदेनं नवा पत्ता सांगितला.

"आणि तुमचा जुनाच ना?"

भावजयीनं खोकला दाबला, पदरानं डोळे पुसले.

"नाही. लिहा, वन्संच्या शेजारी."