आमच्या घरचा झिंगा पुन्हा मेला

...अन् वरून लोक मलाच विचारतात, "बन्सीभाऊ, टाकीत मीठ कशाला टाकता?" अहो, समुद्राचे मासे आहेत, त्यांना खारंच पाणी लागतं, मग काय साखर टाकू? तुम्हाला सांगतो, समुद्रापासून इतक्या लांब उस्मानपुऱ्यात राहून समुद्राचे मासे पाळायचे म्हणजे गंमत नाही. इथं नळाला पाणी आलं म्हणलं की माणसं लग्नाच्या पंगतीतून उठून घरी पळतात, अन् मी प्यायच्या पाण्यात मीठ कालवत बसतो. माझी बायको द्वारका शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणते, "लोक गोड्या पाण्यासाठी रडतात, अन् आमच्या ह्यांना घरात समुद्र पाहिजे." म्हणलं, अगं, हौस असते एकेकाची. पण आपलं ऐकतं कोण?

बरं, त्यात मासे मलूल झाले. दगडाला अंग घासायला लागले. गेलो दुकानात. दुकानवाले चाचा म्हणाले, "दवा-बिवा छोडो भई, ये झिंगा लेके जाव. झिंगा नै, डाक्टर हय." सोबत बोटभर निळा मासा दिला, अंगावर काळी पट्टी, तोही त्याच खात्यातला. दोघांचा धंदा एकच, दुसऱ्या माशांच्या अंगावरची घाण वेचून खायची. झिंगा लालभडक, पाठीवर पांढरा पट्टा, अन् मिशा... फौजदारानं बघून आपल्या खाली कराव्यात अशा पांढऱ्या मिशा! पाण्यात सोडला अन् काय सांगू, थोड्या वेळात सगळे मासे त्याच्यापुढं ओळीत उभे. तोंडं उघडलेली, कल्ले पसरलेले. हा गडी एकेकाच्या तोंडात शिरतो, दातबीत कोरतो, बाहेर येतो, की पुढचा हजर. ढकलाढकली नाही, 'मी आधी आलतो' नाही. आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा ही ओळ दाखवायला पाहिजे.

अशात गावाकडून बा आला. बा म्हणजे माझे वडील, मुंजाबा. सोयगावकडं सारा जन्म मेंढरं राखलेला माणूस. संगं माझी माय, सुगंधाबाई. बाला दवाखान्यात दाखवायचं होतं, गालात आतून पांढरा चट्टा उठलेला. डॉक्टरीणबाईंनी बघितलं अन् म्हणाल्या, "बाबा, अजून वेळ गेलेली नाही. पण तंबाखू आजच सोडा. पुढं गेलं तर माझ्याही हातात राहणार नाही." बा म्हणाला, "सोडली." अन् रिक्षात बसतो न बसतो तोच चुन्याची डबी बाहेर! म्हणलं, "बा, आत्ता सोडली ना?" तर म्हणतो, "ती मघाची सोडली. ही दुसरी हाय."

हसू नका. मला तिथं रिक्षातच भरून आलं होतं. बाप आहे हो माझा. मायनं लग्न झाल्यापासून सांगितलं, मी रागावून सांगितलं, हात जोडून सांगितलं. पण आपलं ऐकतं कोण?

घरी आला तो टाकीपुढंच बसला. म्हणलं, बा, हा झिंगा माशांची सफाई करतो. बा म्हणाला, "मग त्यात नवल काय? आपल्या म्हशीच्या पाठीवर मैना बसती, गोचिड खाती. म्हैस हलती का? तसंच हाय हे." मी पुस्तकं वाचून वाचून जे शिकलो ते ह्यानं बसल्या जागी सांगितलं, अन् सांगता सांगता हात घातला की पाण्यात! झिंगा आला, बोटावर चढला अन् लागला नखं कोरायला. बाची नखं म्हणजे... सगळ्या मेंढवाड्याचा ऐवज त्यात. झिंग्याला तर जत्राच घावली. "गुदगुल्या करतंय रं लेका!" असं म्हणून बा लहान पोरासारखा हसत सुटला. म्हणलं, "बा, हात धुऊन घाल. बोटाला तंबाखू हाय, त्याला सोसायची नाय." तर म्हणतो, "मला सोसती, त्याला काय हुतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर झिंगा आडवा. मिशा, पाय, डोळे, सगळं जागच्या जागी, पण हालचाल नाही. बा टाकीपुढं उकिडवा बसला अन् हळूच म्हणाला, "बन्स्या, बोटाला लागलेल्या एवढ्याशा तंबाखूनं ह्याचा जीव गेला. मी तर जन्मभर गालात धरली रं." उठला, हातपाय धुतले, देव्हाऱ्यातला भंडारा हातात घेतला अन् इथल्या साताऱ्याच्या खंडोबाची आण घेतली, आजपास्नं तंबाखू बंद. पुडी अन् डबी स्वतः नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकली.

आता मला ठाऊक होतं ना, की झिंगा मेलेला नाही! त्यानं कात टाकलेली. सापाची कात बानं ढिगानं बघितली, पण सापाच्या कातीला मिशा नसतात. झिंग्याची कात म्हणजे अख्खा झिंगाच, फक्त आत झिंगा नाही. तो बसला असेल कपारीत, नवं कवच टणक होईपर्यंत. मी म्हणलं, "बा, हा काय..." एवढ्यात मायनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "लग्न झाल्यापास्नं मी बोंबलून मेले. ह्या किड्यानं एका सकाळी केलं. त्वांड उघडलंस तर दुधाची आण हाय माझ्या." द्वारका म्हणाली, "अहो, जन्मात एकदा तरी न बोलता राहा." घ्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकायला माणूस समोर बसलेला, अन् नेमकं तेव्हाच बोलायचं नाही!

कात मी मुकाट्यानं काढून टाकली. दोन दिवसांनी झिंगा कपारीतून बाहेर. पहिल्यापेक्षा मोठा, कोरा करकरीत. बानं टाकीवर भंडारा उधळायला मूठ उचलली, ती मी कशीबशी धरली. "देवानं माघारी धाडला," म्हणाला. घरात त्या दिवशी पुरणपोळी. बाच्या गालात पुडीऐवजी पोळी बघून माय पदरानं डोळे पुसत होती.

पण झिंग्याला काय आण घातलेली आहे? तो पुन्हा मेला. कात टाकतच राहतो तो, त्याचा धर्मच आहे. बा म्हणाला, "मी तर शब्द पाळलाय. मग घरात खोट कुणाची?" द्वारकेनं क्षणाचाही विचार केला नाही. "ह्यांचा चहा. दिवसभर चालू असतो." माझा चहा गेला. झिंगा परत आला. मग पुन्हा मेला, माझी मिरचीची भजी गेली. झिंगा गुटगुटीत होतोय अन् मी वाळत चाललोय. सांगून टाकावं म्हणलं, तर परवा डॉक्टरीणबाईंनी बाचा गाल बघितला अन् म्हणाल्या, "बाबा, चट्टा उतरतोय. काय केलंत?" बा ऐटीत म्हणाला, "आमच्या घरी डाक्टर हाय."

आज सकाळी झिंगा पुन्हा मेलाय. बा भंडारा घेऊन बसलाय, द्वारका माझ्याकडं बघून हसतीय, अन् माझ्याकडं सोडण्यासारखं उरलंय फक्त बोलणं. तेही सोडून देतो. नाहीतरी आपलं ऐकतं कोण?