साडीगार्ड

किन्हवलीच्या स्टँडवर शहापूरच्या एस्टीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक बाई होती. तिच्यासमोर तिचा नवरा चायनाच्या मोटरसायकलवर बसून आरशात केस विंचरत होता.

"बस गो. चेन टाइट केली, ब्रेक पण बघून घेतला."

"साडीगार्ड लावला?"

"कंपनीचा येत नाय. चायनात बायका साडी नाय नेसत."

"मग चायनाची बायको बसवा मागं."

"हळू चालवीन."

"परवा पण हळूच चालवलात. पदर चाकात गेला, मी रस्त्यावर पडले, आन तुमी फाट्यापर्यंत एकटेच बोलत गेलात."

"मला वाटलं, तू आयकतेस."

"तुमी पुढं व्हा. शहापुरात वेल्डरकडनं गार्ड बनवून घ्या. मी एस्टीनं येते."

"मग येताना बसशील?"

"आधी तो आरसा फिरवा. त्यात तुमचे केस नको, मी दिसले पायजे."

एस्टी लागली. बाई खिडकीशी बसली. खाली नवरा गाडीवर बसून आरसा इकडं तिकडं फिरवत होता.

"आता दिसतेस," तो बोलला.

"मग निघा. वेल्डर जेवायला जाईल."