जुन्या इमारतीकडे जाणारी वाट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक साहेब, जमलेले डॉक्टर, परिचारिका भगिनी, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा ते आमचे मास्तर,

मास्तरांविषयी चांगलंच बोलायचं, अशी मला तंबी आहे. तसंच बोलते.

या रुग्णालयाचं नेटवर्क मास्तरांनी उभं केलं. राउटरला, म्हणजे संदेश पुढे धाडणाऱ्या यंत्राला, वाटा दाखवायच्या कशा, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. स्टॅटिक रूट म्हणजे हाताने नेमून दिलेली वाट. डिफॉल्ट रूट म्हणजे ज्याला वाट नेमलेली नाही, त्याने जायचा रस्ता. नेमलेली वाट भारी हट्टी. पुढे रस्ता बंद झाला तरी तिकडेच पाठवत राहते. (आमच्या सासूबाई अशाच. आज आल्या नाहीत म्हणून बोलते.) म्हणून मास्तरांचा दंडक होता: वाटेत काहीही बदललं की पलीकडे फोन करून विचारायचं, "पोचलं का?" उत्तर येईपर्यंत खुर्चीवर टेकायचं नाही. आम्ही त्यांची काय कमी टिंगल केली?

अतिदक्षता विभागातल्या यंत्रांचा इशारा जुन्या इमारतीतून परिचारिकांच्या टेबलावर यायचा. ती वाट मास्तरांनीच नेमलेली. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, त्याच विभागात दाखल होत्या, मास्तर रजा घेऊन त्यांच्या उशाशी. तेवढ्यात वरून हुकूम सुटला आणि जुन्या इमारतीतला राउटर बंद झाला. आमच्या खोलीत एक फोन करायला कुणाला सवड होती? नुसती ती नेमलेली वाट काढून टाकली असती, तरी इशारा डिफॉल्ट रूटने नव्या इमारतीतून पोचला असता.

मास्तर चहा प्यायला खाली गेले. बंद दाराआड यंत्र ओरडत राहिलं, टेबलावर काही उमटलं नाही. ते वर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशीत ठरलं, मास्तरांनी रूट वेळेत बदलला नाही. मास्तरांनी मान डोलावली. मी भांडले, "तुम्ही बोलत का नाही?" तर म्हणाले, "अगं, वाट माझीच होती ना." मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं.

संचालक साहेब, हुकूम आपला होता. निरोपाची भेट म्हणून आणलेलं हे भिंतीवरचं घड्याळ त्यांना अवश्य द्या, पण आधी तो ठपका पुसा. बायको गेलेल्या माणसाला तो घेऊन घरी पाठवू नका.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. अधिकउणं बोलले असेन तर पदरात घ्या. मास्तरांच्या दंडकाप्रमाणे उत्तर येईपर्यंत मी काही बसणार नाही.

साहेब, पोचलं का?