‘मी निघाले’वरची मेजर कॉर्ड

१९७१ साली दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बँडमधले दोन भाऊ बसले होते. रेडिओवर नवं गाणं लागलं.

“दादा, ‘मी निघाले’वर चक्क मेजर कॉर्ड!”

“अरे देवा! सगळं गाणं रडतंय आणि तिथेच लख्ख ऊन पडतंय. काटा आला बघ. चाल कुणाची रे?”

“ओळखली नाहीस? वहिनीची.”

“काहीतरीच!”

“तालमीत तिने हीच कॉर्ड वाजवली होती. ‘जाणारी बाई रडते, मायनरच हवी,’ म्हणत तू गिटार हिसकावून घेतलीस.”

“आणि दुसऱ्या दिवशी ती...”

“गेली. रडली नव्हती.”

“दाढ राहू दे. मी तिला आणायला जातो.”

ती परत आली नाही. धाकटा तिच्याच वाद्यवृंदात गेला. थोरला तिच्या कार्यक्रमांना मागच्या रांगेत बसायचा आणि ती ओळ यायच्या आधीच डोळे मिटायचा. मी पाहिलंय त्याला.