गोडं पाणी

(पिंपळनेरची शाळा, १९८७ चा फेब्रुवारी. विज्ञानाच्या खोलीत बाई आणि शिपाई. बाहेर सकाळची प्रार्थना चालू आहे.)

प्रमिलाबाई : हात नका लावू, पितांबरनाना. आधी सांगा, काल मी घरी गेल्यावर या बरणीला कोणी हात लावला?

पितांबर : बाहेरनं कोनी नही, बाई. किल्ली मन्हाजोडेच व्हती.

प्रमिलाबाई : मग असं कसं झालं? तारामासा बघा, चिंधीसारखा लोंबतोय. दोन्ही खेकडे शंख सोडून बाहेर पडलेत. काल एस.टी.तून उतरले तेव्हा तिघंही जिवंत होते.

पितांबर : सांजले बी जिता व्हतात. एक खेकडा तर मन्हाकडेच दखे.

प्रमिलाबाई : प्रार्थना संपली की पोरं रांगेने बघायला येणार. एकानेही समुद्र पाहिलेला नाही. मी तरी कुठे पाहिला होता? बहीण मुरुडला दिली नसती, तर मीही पुस्तकातलं चित्र दाखवून मोकळी झाले असते. एवढ्या लांबून बरणी मांडीवर धरून आणली हो!

पितांबर : बाई, पानी मी बदलं.

प्रमिलाबाई : काय?

पितांबर : वास मारे ते. बोट बुडाडीसन चाखं, तर कडूजार. मी म्हनं, पाव्हना इतला दूरथून उनात, नि आपुन त्यासले हाई पानी देवानं? बठ्ठं फेकी दिधं. मन्हा घरनं गोडं पानी भरी दिधं.

प्रमिलाबाई : अहो, काय केलंत हे! आणि घरचं? तुमच्या आळीत टँकर चार दिवसांनी येतो ना?

पितांबर : एकच हंडा व्हता. मन्ही बायको मंजुळा बोलनी, नातूसले काय पाजू? मी म्हनं, एक दिवस कमी पिऊत.

प्रमिलाबाई : नाना, हे खाऱ्या पाण्यातले जीव. गोडं पाणी त्यांच्या अंगात शिरतं आणि ते मरतात.

पितांबर : पानीघाई मरतस? आपली पांझरा नदीमा मासा जगतस ना.

प्रमिलाबाई : ते गोड्या पाण्यातलेच असतात. हे नसतात. किल्ली देताना मी एवढं सांगायला हवं होतं. बारा वर्षं विज्ञान शिकवते, पण सुचलं नाही.

पितांबर : तीस वरीस झायात शायामा. मन्हा हातघाई एक रोप वाळनं नही, बाई. नि आज तीन जीव मारात.

प्रमिलाबाई : तुम्ही एकट्याने नाही मारले. मुरुडला पार्वताबाई म्हणून कोळीण आहे. ओहोटी लागली की खडकांतल्या डबक्यांत हे सगळं तिनेच मला दाखवलं. दगड हळूच उचलायचा, खालचा जीव बघायचा, दगड होता तसा ठेवायचा. तीन दिवस तिच्या मागे हिंडले. निघताना मी बरणी भरली, तर म्हणाली, बघितलंस ना, आता ठेव. नेऊ नको, बाहेर नाही राहत ते.

पितांबर : मंग कसाले लयनात?

प्रमिलाबाई : हौस. पोरांना जिवंत दाखवायची हौस. खारं पाणी असतं तरी फार तर चार-सहा दिवस जगले असते. मला माहीत होतं, नाना.





पितांबर : प्रार्थना संपनी. पोरे उनात. बरनी झाकी दिऊ का?

प्रमिलाबाई : नको. बघू देत.

पितांबर : इचारतीन ना, कशा मरनात म्हनीसन.

प्रमिलाबाई : मी सांगेन.

पितांबर : मन्हं नाव सांगा. मी आठेच उभा ऱ्हासू.

प्रमिलाबाई : आधी माझं सांगते. तुमचं तुम्ही सांगा. दार उघडा.

पितांबर : चपला बाहेर काढा रे, पोरेहो. गडबड करू नका. एकेक जन या.