तीन अठ्ठेचाळीस

मुलगी : म्हणून विचारते, काका, पंचवीस सेकंद गेले कुठे? तुमच्याच हस्ताक्षरातल्या या स्टुडिओच्या कागदावर आईचं गाणं तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचं आहे. बाजारात आलं ते तीन तेवीसचं. शब्द एकही कापलेला नाही. मी दोनदा मोजलं.

रेकॉर्डिस्ट : शाळेत काय शिकवतेस म्हणालीस?

मुलगी : भौतिकशास्त्र.

रेकॉर्डिस्ट : मग तुला ठाऊकच आहे. म्हाताऱ्याची तोंडी परीक्षा कशाला घेतेस?

मुलगी : तुमच्या तोंडून हवंय.

रेकॉर्डिस्ट : टेप बारा टक्के जोरात पळवली. गाणं अख्ख्या एका सुराने वर गेलं. रेकॉर्ड कंपनीचे मालक कुरकुरत होते, पोरगी एकोणीसची आणि गाते पोक्त बाईसारखी, गाणं झोपाळू झालंय, काहीतरी कर. मी बटण फिरवलं आणि ते खुर्चीतून उठलेच. महिन्याभरात गाणं सलूनमध्ये, बसमध्ये, जिथे तिथे.

मुलगी : परवा दवाखान्याच्या लिफ्टमध्येही होतं. आईने चौथा मजला येईपर्यंत कानांवर हात धरले.

रेकॉर्डिस्ट : तिला तेव्हा शंका आली होती. रेकॉर्ड ऐकली आणि तडक माझ्याकडे आली. म्हणाली, दादा, ही मी नाही. मी म्हटलं, अगं, प्रत्येकाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकताना पातळच वाटतो.

मुलगी : ते खरं आहे.

रेकॉर्डिस्ट : खरं होतं म्हणूनच पटलं तिला.

मुलगी : आणि कार्यक्रमात वादक रेकॉर्डच्या सुरात वाजवणार. बावीस वर्षं ती त्या सुरामागे धावली. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला की लोक हुर्यो करायचे. घरी आली की मिठाच्या गुळण्या करायची आणि मला विचारायची, एकदा जमलं होतं गं, मग आता का जमत नाही? गळ्यात गाठी झाल्या, दोनदा काढल्या. आत्ताचा रोग त्यामुळे झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण उद्या सकाळी नऊला तिचं स्वरयंत्र काढणार आहेत.

रेकॉर्डिस्ट : मी भेटायला येणारच होतो.

मुलगी : येऊ नका. फोन लावून देते. मला सांगितलंत तेच तिला सांगा.

रेकॉर्डिस्ट : आज? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? उगाच जखमेवर मीठ कशाला?

मुलगी : ती स्वतःच्याच गाण्यात नापास झाली असं तिला वाटतं. आणि उद्यापासून तिला तुम्हाला काही बोलता येणार नाही. ते तुमच्या सोयीचंच असेल.

रेकॉर्डिस्ट : माझं सगळं नाव त्या एका गाण्यावर आहे गं.

मुलगी : तिचंही.

(ती फोन लावते, स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवते.)

आई : बोल. हळू बोलतेय, नर्स रागावते.

मुलगी : आई, रेकॉर्डिस्टकाकांकडे आलेय. त्यांना तुला काही सांगायचंय.

आई : दादा? अजून आहात होय तुम्ही? मला वाटलं, माझ्याआधीच नंबर लावलात की काय.

रेकॉर्डिस्ट : ऐक. तुझं गाणं मी यंत्रावर पळवलं होतं. तू एक सूर खाली गायली होतीस. रेकॉर्डवरचा तो सूर तू कधी गायलीच नाहीस. कुणीच गायलं नाही.

मुलगी : आई?

आई : आहे मी. मालकांना माहीत होतं?

रेकॉर्डिस्ट : त्यांना आणि मला. बाकी कुणाला नाही.

आई : आणि खाली... बरी गायले होते का?

रेकॉर्डिस्ट : एका दमात. एकदाही थांबवावं लागलं नाही.

आई : म्हणजे स्टेजवरही मला तसंच...

रेकॉर्डिस्ट : गाता आलं असतं. आरामात.

मुलगी : आई, दमलीस. ठेवू का?

आई : नको. दादा, तिथे कीबोर्ड आहे का?

रेकॉर्डिस्ट : आहे.

आई : मग मला तो खालचा सूर द्या. उद्या नऊपर्यंत आवाज आहे माझ्याकडे.